रेक्स टिल्बरीचा जबडा

नेस्टा प्यूला ऐकू येत नाही, ही गोष्ट अख्ख्या लंडनमध्ये दोघांनाच माहीत होती. एक तिचा कानाचा डॉक्टर आणि दुसरी ती स्वतः. डॉक्टर कुठे बोलायचा नाही, त्याचा धंदाच तसा. आणि नेस्टाचं म्हणाल, तर जीभ झडली असती तरी ती बोलली नसती.

ठार बहिरी नव्हती अजून. उजवा कान दोन हिवाळ्यांपूर्वी गेला होता आणि डावा त्याच वाटेवर होता. समोरचा माणूस तोंडापुढे उभा राहून बोलला की निम्मं कानानं कळायचं, निम्मं ओठांवरून. कुणी पाठीमागून हाक मारली आणि हिनं ओ दिली नाही, तर लोक म्हणायचे, नेस्टा काय बाई, सदा आपल्याच तंद्रीत. नेस्टानं ती तंद्री मुद्दाम जोपासली होती. एकसष्ट वर्षांच्या नटीला विसरभोळेपणा शोभतो, लोक त्याचं कौतुकसुद्धा करतात. बहिरेपणाचं कौतुक कुणी करत नाही. विनोदी नटीच्या बहिरेपणाचं तर नाहीच नाही.

'मागचं दार' ही मालिका नऊ वर्षं चालली होती. हॉरेस आणि ऑलिव्ह नावाचं एक म्हातारं जोडपं, त्यांचं स्वयंपाकघर, आणि त्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं येणारे नाना तऱ्हेचे लोक. ऑलिव्ह म्हणजे नेस्टा. सोमवारी चर्चच्या हॉलमध्ये वाचन व्हायचं आणि मंगळवार संपायच्या आत नेस्टाला स्वतःचीच नव्हे, सगळ्यांची वाक्यं पाठ झालेली असायची. त्यामुळे कोण काय बोलतो ते ऐकायची तिला गरजच नव्हती. फ्लोअर मॅनेजर हातानं खूण करायचा, ती दिसायची. अडचण फक्त एका गोष्टीची होती. हशाची.

ज्यांनी लोकांना हसवून पोट भरलेलं नाही त्यांना हे सांगावं लागतं. विनोदाचं वाक्य टाकणं ही अर्धीच विद्या. उरलेली अर्धी म्हणजे त्यानंतर गप्प राहणं. हशा उठतो, चढतो, वर जाऊन टेकतो आणि मग उतरायला लागतो. तो उतरतोय, पण पुरता विझला नाही, तेवढ्या फटीत पुढचं वाक्य घालायचं. लवकर घातलंत तर ते कुणाला ऐकू जात नाही, आणि लोक बिचारे पुढचं ऐकायला मिळावं म्हणून हसणं आवरतात. एकदा आवरलं की मग ते उरलेला सगळा वेळ आवरूनच बसतात. उशिरा घातलंत तर मधे भोक पडतं आणि नट उघडा पडतो. आणि हे हसणारे तीनशे लोक बसलेले असतात दिव्यांच्या पलीकडे, अंधारात. दिसत नाहीत. ते कानानंच कळायचे, आणि नेस्टाच्या कानात आता त्यांचं हसणं आणि छतावरच्या पंख्याची घरघर एकच झालं होतं. डॉक्टरनं दिलेलं यंत्र तिनं एकदा तालमीला लावून बघितलं. दिव्यांखाली गेल्यावर ते शिट्ट्या मारायला लागलं. त्या दिवसापासून ते मोज्यांच्या खणात पडून होतं.

मग ही दोन वर्षं निभावून नेत होती ती कशाच्या जोरावर? रेक्स टिल्बरीच्या जबड्याच्या जोरावर.

रेक्स म्हणजे हॉरेस. तिचा पडद्यावरचा नवरा आणि पडद्यामागचा वैरी. रेक्स समुद्रकाठच्या नाट्यगृहांतून एकट्यानं उभं राहून हजार-हजार माणसं हसवत आलेला माणूस. त्याच्या लेखी हशा ही त्याच्या बापाची इस्टेट होती आणि इतरांनी तिच्यात पाऊल टाकणं म्हणजे सरळ घुसखोरी. दुसऱ्या वर्षी नेस्टाच्या सगळ्यात चांगल्या वाक्याला हा गडी मागे उभा राहून केळं सोलत होता. नुसतं सोलत होता हो, खाल्लंसुद्धा नाही. लोक केळ्याकडे बघत राहिले. नेस्टानं ते केळं अजून माफ केलं नव्हतं. तालमीत तो तिला 'बाईसाहेब' म्हणायचा आणि ती त्याला 'महाराज'. त्यापलीकडे दोघं कधी चहाला एका टेबलावर बसले नाहीत.

पण हाच रेक्स तिचा कान झाला होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्याला हशा मिळाला की रेक्सच्या पोटात दुखायचं. ते त्याला लपवता यायचं नाही. डोळे हसरे, ओठ हसरे, पण गालाखाली, कानाच्या पाळीजवळ जबड्याचा स्नायू गच्च आवळला जायचा. हशा जेवढा मोठा तेवढा तो जास्त आवळायचा. हशा उतरायला लागला की याचा जीव भांड्यात पडायचा आणि तो स्नायू सुटायचा. तो सुटला की नेस्टा बोलायची. दोन वर्षं एकदाही तो चुकला नव्हता. माणसाचं प्रेम कमीजास्त होतं, जळफळाट कधी होत नाही, असं नेस्टा मनाशी म्हणायची आणि देवाचे आभार मानायची, की आपल्याला इतका कोत्या मनाचा नवरा मिळाला.

तो नोव्हेंबरचा दुसरा सोमवार होता. वाचन संपलं. हॉलच्या जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या मारून स्वयंपाकघराच्या भिंती आखल्या होत्या, आणि त्या पट्ट्यांवरून पाऊल न टाकता, दाराच्या जागेतून बाहेर येत दिग्दर्शक पिअर्स तिला म्हणाला, "नेस्टा, दोन मिनिटं."

पिअर्स तिशीतला, गळ्यात मफलर, बोलताना तोंड वळवायची वाईट खोड. नेस्टा फिरून त्याच्यासमोर गेली.

"गेल्या खेपेला हशाच्या दोन जागा गेल्या," तो म्हणाला. "कॅमेरा आड आला होता, तुम्हाला रेक्स दिसत नव्हता, असं मी वर सांगितलं. पण वरच्या मजल्यावर कुजबुज चाललीय. वय झालं म्हणतात. रविवारी रेकॉर्डिंगला वरचे साहेब, फॅनशॉ, स्वतः येऊन बसणार आहेत. पुढच्या वर्षाचं तेव्हाच ठरवतील."

"कशाचं? मालिकेचं?"

"मालिका होणारच. तुमचं ठरवतील." त्याला ते बोलताना बरं वाटत नव्हतं, हे तिला दिसलं. "ऑलिव्हला बहिणीकडे ऑस्ट्रेलियाला पाठवायचं आणि घरात एखादी विधवा मेहुणी आणायची, असं किबलला लिहायलाही सांगून झालंय."

किबल म्हणजे लेखक. कोपऱ्यात कोट न काढता बसला होता. तो स्वतःच्या विनोदाला कधी हसायचा नाही, दुसऱ्याच्या तर नाहीच, नुसता पेन्सिलीनं हशाच्या जागी फुल्या मारायचा. त्यानं नेस्टाकडे बघायचं टाळलं. ऑस्ट्रेलिया. या वयात, या धंद्यात, एकदा माणूस बोटीत बसला की त्याला परत कुणी बोलावत नाही. पैशाचं तिनं कसंही निभावलं असतं. पण चिझिकच्या आपल्या दोन खोल्यांत, खिडकीशी बसून, बाहेरच्या बसचाही आवाज येत नाही अशा शांततेत दिवसच्या दिवस काढायचे? इथे निदान माणसांची तोंडं हलताना दिसतात. इथे अजून आपल्यामुळे कुणी हसतं.

"रविवारी एकही जागा जाणार नाही," ती म्हणाली.

आणि जाणार नव्हतीच. रेक्स होता ना.

आठवडाभर तालमी झाल्या. शुक्रवारी दुपारी रेक्स दात दाखवायला म्हणून गेला. शनिवारी आला तो सगळ्यांशी गोड बोलत. चहावाल्या बाईला त्यानं खुर्ची दिली. ज्या पोराला त्यानं नऊ वर्षांत कधी नावानं हाक मारली नव्हती त्याला 'धन्यवाद, बाळ' म्हणाला. लोक म्हणाले, स्वारीचा दात भलताच चांगला काढलेला दिसतो. नेस्टाच्या मनात पाल चुकचुकली, पण तिला वेळ कुठे होता. ती आपल्या वाक्यांच्या मागे होती.

रविवारी नदीकाठच्या स्टुडिओत लूटनहून महिला मंडळाच्या दोन बसगाड्या आल्या, एक क्रिकेट क्लब आला, बाकीचे असेच तिकिटं मागवून आलेले. लोकांना आधी हसवून गरम करायला ठेवलेला विनोदवीर वीस मिनिटं त्यांच्यापुढे नाचून गेला. फॅनशॉ वर काचेमागे बसले. साडेसातला सुरुवात झाली.

किबलनं त्या आठवड्यात लिहिलं होतं ते असं : हॉरेस डॉक्टरकडून येतो, टोपी टेबलावर टाकतो आणि म्हणतो, "डॉक्टर म्हणाला, आवडतं ते सगळं सोड." ऑलिव्ह बटाटे सोलतेय. मान वर न करता ती म्हणते, "चला, म्हणजे मी तरी सुटले."

वाचनाच्या वेळी ह्या वाक्याला किबलनं तीन फुल्या मारल्या होत्या. तीन म्हणजे छप्पर उडणार.

रेक्स आला, टोपी टाकली, बोलला. नेस्टानं वाक्य टाकलं. बरोबर पडलं, हे तिला आपल्या जिभेवर कळलं. मग तिनं सवयीनं त्याच्या गालाकडे पाहिलं.

काहीच नाही. स्नायू जागचा हलला नव्हता. रेक्सचा चेहरा अगदी सैल होता आणि तो तिच्याकडे बघत होता, जणू ती काय बोलली ते त्याला पोचलंच नव्हतं.

आता तिनं काय समजायचं? नऊ वर्षांत तिला हशा मिळाला आणि रेक्स जळला नाही असं एकदाही झालं नव्हतं. म्हणजे हशा आला नाही. विनोद पडला. पडला तर त्यावर उभं राहायचं नाही, पुढे निघायचं, ही या धंद्यातली पहिली अक्कल. ती निघाली. पुढचं वाक्य बोलली, त्याच्या पुढचं बोलली, आणि बघते तो फ्लोअर मॅनेजर दोन्ही हात हलवून थांबा थांबा करतोय.

पिअर्स वरून धावत खाली आला. "नेस्टा, अहो, छप्पर उडालं होतं. तीनशे माणसं हसत होती आणि तुम्ही त्यांच्या डोक्यावरून बोलत सुटलात. कोणाला काही ऐकू गेलं नाही."

"माफ कर. पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं. यावेळी ती रेक्सकडे न बघता मनात आकडे मोजत थांबली. पण ऐकलेल्या विनोदाला लोक पहिल्याइतकं हसत नाहीत, सभ्यपणे हसतात आणि थांबतात. ती आपली बटाटा हातात धरून उभी. पाच. सहा. समोर कॅमेरावाल्यानं मान खाली घातली तेव्हा तिला कळलं, की लोक केव्हाच गप्प झालेत आणि स्टुडिओभर नुसती आपलीच फजिती पसरलीय. वर काचेमागे कुणीतरी उठून उभं राहिलेलं दिसलं.

पिअर्सनं दहा मिनिटांची सुट्टी सांगितली. विनोदवीर पुन्हा लोकांपुढे नाचायला गेला.

रेक्स सेटच्या मागे गेला होता. स्वयंपाकघराच्या भिंतीची मागची बाजू, नुसत्या लाकडी पट्ट्या आणि खिळे. तिथे तो एका पेटीवर बसला होता. हातात सिगरेट नव्हती. हेही नेस्टाच्या लक्षात आलं.

"काय झालंय तुला?" तिनं विचारलं.

"मला? चुका तू करतेयस, बाईसाहेब."

"तुझा जबडा हलत नाहीये."

"काय?"

"मला हशा मिळाला की तू दात आवळतोस. इथे. दरवेळी. आज आवळले नाहीस."

रेक्स तिच्याकडे बघत राहिला. तिला ठाऊक होतं, आता पुढचं वाक्य बोलली की सुरी आपल्या हातानं वैऱ्याच्या हातात दिली. हा माणूस उद्या सगळ्या बारमध्ये हे करून दाखवेल, कानामागे हात लावून, माझ्या चालीसकट. पण दहा मिनिटांतली तीन गेली होती, आणि ऑस्ट्रेलियाची बोट धक्क्याला लागलेली होती.

"मला ऐकू येत नाही, रेक्स. दोन वर्षं झाली. हसू तर अजिबात नाही. मी तुझ्या तोंडावर बघून थांबते."

मग त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता.

"आणि मला वाटायचं," तो म्हणाला, "म्हातारीचं माझ्यावर मन बसलंय. सारखी आपली माझ्याकडे टक लावून. मी तर नवीन कंगवा घेतला."

"तुझ्यावर मन बसायला मी बहिरी आहे, आंधळी नाही."

"किती आवळायचो मी?"

"चांगला हशा असला की चार आकडे मोजेपर्यंत. गेल्या नाताळच्या भागात सहा."

"सात होते," रेक्स म्हणाला. "मी घरी जाऊन पुन्हा मोजले. झोप लागली नाही मला." आणि मग त्याच सुरात, टोपी हातात फिरवत, तो म्हणाला, "शुक्रवारी मी दातांसाठी नव्हतो गेलो. खोकल्यासाठी गेलो होतो. फोटो काढले छातीचे. दोन्हीकडे पसरलंय म्हणतो. एप्रिल म्हणतो. फार तर मे."

नेस्टाला वाटलं आपण ओठ चुकीचे वाचले. तिनं ते पुन्हा म्हणायला लावलं. त्या माणसाला ते दोनदा बोलावं लागलं, याचं तिला पुढे कायम वाईट वाटत राहिलं.

"म्हणून आज तुला हशा मिळाला तेव्हा मला काहीच वाटलं नाही," रेक्स म्हणाला. "मी तिथे उभा होतो आणि म्हटलं, घे बाई. घे. मला काय करायचंय. किबलनं लिहिलंय आवडतं ते सगळं सोड, आणि मी आपला विचार करतोय, आवडतं तरी काय आपल्याला? बायको, आयव्ही, ती तर गेली. हे एवढंच राहिलंय." त्यानं अंगठ्यानं भिंतीपलीकडे, अंधारातल्या लोकांकडे दाखवलं.

नेस्टाचे डोळे भरून आले. ह्याच माणसाचं केळं ती सात वर्षं उराशी धरून बसली होती, आणि आता त्याच्याचसाठी डोळे पुसताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

"रडू नकोस. रंग ओघळला तर ती मेकअपवाली मला मारेल. तिला मेपर्यंत थांबायचा धीर नाही."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही, आणि तूही सांगायचं नाही. सांगितलं की उद्या घरी बसवतील. घरी काय करू मी, भिंतीला विनोद सांगू? मी तुझं सांगणार नाही, तू माझं सांगू नकोस. झालं?"

"झालं."

"आता बोल, काय करू? दात आवळू?"

"खोटे नको आवळूस. मला कळतं."

त्यानं जरा विचार केला आणि उजव्या हाताचा अंगठा बंडीच्या खिशात घातला. "हसताहेत तोवर आत. उतरले की बाहेर. उघडे डोळे ठेव."

फ्लोअर मॅनेजर बोलवायला आला.

तिसऱ्यांदा तोच विनोद, तेच लोक. या धंद्यात याहून कठीण काही नाही. किबल तर पाठ फिरवूनच उभा राहिला होता. रेक्स मागच्या दारानं आत आला, टोपी टाकली. "डॉक्टर म्हणाला," तो म्हणाला, "आवडतं ते सगळं सोड." आणि मग जे तालमीत नव्हतं ते त्यानं केलं. तो थांबला. पाइपाकडे पाहिलं. हळूच शेल्फावरच्या बाटलीकडे पाहिलं. भिंतीवरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या कॅलेंडरकडे पाहिलं. एकेकाचा निरोप घेत घेत तो शेवटी तिच्याकडे आला, आणि तिच्याकडे बघत राहिला. स्वतः एकही हशा न घेता, सगळे लोक गोळा करून त्यानं तिच्या पदरात टाकले. रेक्स टिल्बरीनं. आयुष्यात पहिल्यांदा.

नेस्टानं मान वर केली नाही. एक साल सोलून होऊ दिली. "चला," ती म्हणाली, "म्हणजे मी तरी सुटले."

अंगठा आत गेला.

तिनं नजर तिथून हलवली नाही. अंगठा आतच होता. डोक्यावर माइकचा दांडा धरून उभ्या असलेल्या माणसाचे हात थरथरताना तिला कडेनं दिसले. चार, पाच. अंगठा आत. सात. आठ. नेस्टाला ऐकू काही येत नव्हतं, पण छातीत कुठेतरी काहीतरी मोकळं होत गेलं आणि तिला वाटलं, आता हा अंगठा कधी बाहेर येऊ नये. मग तो आला, आणि ती बोलली.

त्यानंतर दोन दृश्यं झाली, एकही जागा गेली नाही.

रेकॉर्डिंग संपल्यावर सगळे वरच्या बारमध्ये गेले. किबल नेस्टाजवळ आला, आपला कागद तिच्यासमोर धरला. त्या वाक्यापुढे त्यानं चौथी फुली मारली होती. काही न बोलता तो सँडविच शोधायला गेला. रेक्स भिंतीच्या बाकावर बसला होता, श्वास जपून घेत, हातात जिनचा ग्लास, ओठाला न लावलेला. नेस्टा त्याच्याशेजारी जाऊन बसली. आजूबाजूचे लोक बघायला लागले, कारण हे दोघं एका बाकावर कधी कुणी पाहिले नव्हते.

पिअर्स फॅनशॉना घेऊन आला. फॅनशॉ म्हणजे उंच, रुंद, माणसाच्या तोंडाकडे बघून सावकाश बोलणारा. बहिऱ्यांना असे मोठे लोक सोयीचे पडतात.

"बाई, मी माझे शब्द परत घेतो," ते म्हणाले. "असं थांबणं आता कुणाला जमत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून तेरा भाग. ऑस्ट्रेलिया रद्द. रेक्स, तुमचेही तेरा, अर्थातच."

"अर्थातच," रेक्स म्हणाला.

आठवडाभर नेस्टानं हेच मागितलं होतं, देवाकडे, भिंतीकडे, आरशाकडे. आता ते समोर होतं आणि तिच्या तोंडून 'हो' निघेना. फेब्रुवारीच्या मध्यापासून तेरा रविवार म्हणजे मे. तिनं बोटांवर मोजायची गरज नव्हती. मधेच कधीतरी एका सोमवारी खुर्ची रिकामी दिसेल, आठवडाभर सगळे हळहळतील, किबल हॉरेसला मारील आणि घरात विधुर मेव्हणा आणील. मग त्या नव्या नटाच्या तोंडाकडे बघत तिला पुन्हा शोधावं लागेल, कुठे आवळतो, केव्हा सोडतो. शोधलं असतं तर सापडलंही असतं. जळक्या नटांची काही वाण नाही. ती आणखी पाच वर्षं खेचू शकली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती रेक्सकडे वळली. "किती करशील?" तिनं विचारलं. आवाज किती मोठा निघाला ते तिला कळलं नाही.

रेक्स दचकला. मग फॅनशॉंकडे बघून हसला, जणू बाई नेहमीसारखी तंद्रीत काहीतरी बोलली. पण ग्लास धरलेल्या हाताची दोन बोटं त्यानं उचलली आणि दुसऱ्या हाताची पाच गुडघ्यावर पसरली.

"सात," नेस्टा फॅनशॉंना म्हणाली. "मी सात भाग करीन."

"तेरा आहेत, बाई."

"तेरा असू देत. माझे सात. त्यानंतर ऑलिव्हला कुठे पाठवायचं तिथे पाठवा."

पिअर्सच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "नेस्टा, अहो, तुम्हाला दुसरीकडचं बोलावणं आलंय का? काय हवंय ते बोला. हे असं परत मिळत नाही."

"ठाऊक आहे मला."

"मग का?"

"सात," ती म्हणाली. तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले. तिला भीती वाटत होती. चिझिकची खिडकी तिला इथून दिसत होती. पण जे बोलली ते परत घ्यावंसं वाटत नव्हतं.

फॅनशॉंनी पिअर्सकडे पाहिलं, पिअर्सनं खांदे उडवले, आणि दोघं बाजूला होऊन आपसांत बोलायला लागले.

रेक्सचा चेहरा लाल झाला होता. "मूर्ख बाई," तो म्हणाला. त्यानं जिनचा घोट घेतला, खोकला, बराच वेळ खोकला, आणि रुमालानं तोंड पुसलं. मग तो तिच्याकडे पुरता वळून बसला, दिवा आपल्या तोंडावर येईल असा, आणि कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाला,

"आठ सांग त्यांना. आठवा मी बसून करीन."